भिंगरीचे शहाण्णव

कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान म्हातारा मीच! वय शहात्तर, डावा गुडघा बदललेला, उजवा बदलायच्या रांगेत, आणि वेग ताशी शहाण्णव किलोमीटर. तोही माझ्या स्वतःच्या मोपेडवर! आणि हे मी म्हणत नाही, सरकार म्हणतं. तारखेसकट, वेळेसकट, फोटोसकट! आजवर सांगितलेल्या माझ्या एकाही गोष्टीला सरकारी फोटो नव्हता. विहिरीत मगर निघाली तिला नव्हता. टिपेश्वरच्या वाघाने माझ्याकडे तंबाखू मागितली, त्यालाही नव्हता. ह्या गोष्टीला आहे. तेव्हा मुकाट्याने ऐका.

माझ्या मोपेडचं नाव भिंगरी. ती घरात आली तेव्हा माझा मुलगा श्रीकृष्ण चौथीत होता. आता तो आर्णीच्या एका पतसंस्थेत मॅनेजर आहे आणि त्याच्या डोक्यावर केस नाहीत. भिंगरी मात्र होती तशी आहे. तिच्या वेगाचा काटा वीस वर्षांपूर्वी एकदा अठ्ठावीसवर गेला आणि त्याला तिथेच करमलं. गाडी अंगणात उभी असली तरी अठ्ठावीस! त्यामुळे इतरांच्या गाड्या फक्त चालताना धावतात, माझी उभ्यानेही धावते.

आमचं गाव आर्णीपासून चौदा किलोमीटर, हायवेला लागून. लोक म्हणतात, एकदा त्या रस्त्यावर एक बैलगाडी मला ओलांडून गेली आणि गाडीवानाने वळून विचारलं, "बापूजी, सोडून देऊ का आर्नीले?" आता हे खरं आहे. पण त्या दिवशी वारा समोरून होता, हे लोक सांगत नाहीत.

तर ह्या भिंगरीवर श्रीकृष्णाची वाकडी नजर होती. डिसेंबरातच त्याने निकाल सुनावला होता.

"बापूजी, संक्रांत झाली का भिंगरी भंगारात!"

"काहून? तिनं तुहं काय केलं?"

"काही करतच नाई न ते! हायवेवर एवढी हळू गाडी म्हंजे मरन. मांगून येनाऱ्या ट्रकवाल्याले वाटते का रस्त्यात कोनी उभं हाय!"

माझं शेत गावापासून तीन किलोमीटर, चहाची टपरी दीड किलोमीटर, आणि आर्णीचा बाजार चौदा. ही सगळी अंतरं माझ्या दोन गुडघ्यांच्या नव्हे, भिंगरीच्या दोन चाकांच्या भरवशावर होती. ती गेली म्हणजे मी अंगणातल्या बाजेवर, आणि बाजेवरून पुढचा प्रवास कुठला असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी रोज संक्रांतीकडे यमाच्या रेड्याकडे पाहावं तसा पाहत होतो.

आणि संक्रांतीच्या आठ दिवस आधी चमत्कार झाला!

रात्रीची जेवणं चालली होती. ताटात मूगवड्यांची भाजी होती. माझ्या बायकोच्या, इंदूबाईच्या हातच्या मूगवड्या, ज्या त्या आठवड्यात माकडांच्या तावडीतून थोडक्यात वाचल्या होत्या. श्रीकृष्णाचा फोन वाजला. त्याने पाहिलं. घास तोंडाशीच राहिला.

"बापूजी, मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमी कुठी होते?"

"हायवेवर. आर्नीहून येऊन राह्यलो होतो."

"भिंगरी होती?"

"होती न संगं!"

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"चलान आलं," तो म्हणाला. त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता. "भिंगरीचं. अतिवेगाचं. शहाण्णव!"

माझी नात स्पृहा बारावी सायन्सला आहे. तिने फोन ओढून घेतला. "नंबर तर भिंगरीचाच आहे! बाबा, यंत्र चुकलं असणार. भिंगरी डोंगरावरून खाली ढकलली तरी शहाण्णवनं पडणार नाही."

"मी उद्याच तक्रार टाकतो," श्रीकृष्ण म्हणाला.

आता, ह्या जागी एखाद्या साध्या माणसाने खुलासा केला असता. मंगळवारी गावातल्या शंकरसिंगच्या पिकअपचंही काहीतरी होतं. पण त्याचा ह्या गोष्टीशी संबंध नाही. माझ्या डोक्यात एकच वीज चमकली. हळू आहे म्हणून भंगारात, असंच ना? मग ही घ्या!

"तक्रार कायले?" मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो. "यंत्राचं का माह्याशी वैर हाय? जेवढं दिसलं तेवढं त्यानं लेहलं. रस्ता मोकळा होता. घेतली शहाण्णव!"

स्पृहाने फोन पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला.

इंदूबाई वाढत होती. तिचा हात भाजीच्या भांड्यात थांबला. मंगळवारी ती माझ्यासोबतच होती, म्हणजे आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग श्रीकृष्णाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, "अजून एक वडी घ्या."

बस, एवढंच! पन्नास वर्षांच्या संसाराचं सार्थक झालं, असं मला वाटलं. पतिव्रता ती हीच! (ह्या वाक्यावर मी पुढे परत येणार आहे.)

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो आर्णीहून मोठा करून आणला, प्लास्टिकमध्ये बसवला आणि टपरीवर नेला. टपरीवर इंद्रजित बसलेला असतो. बत्तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेला माणूस. वेगाच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. त्याने चष्मा पुसला आणि फोटो डोळ्यांना चिकटवला. फोटो मागून घेतलेला, जरा धुरकट. त्यात भिंगरीचं मागचं चाक, नंबराची पाटी, सीटचा थोडा भाग.

"बापूजी, याच्यात तुमी कुठी हा?"

"वर."

"वर कुठी?"

"फोटोच्या वर! उंच मानसाचं असंच होते, डोस्कं मावत नाई."

"तुमी पाच फूट दोन इंच."

"वेगात मानूस लांबते इंद्रजित! रबर वढलं तं लांबते का नाई?"

इंद्रजितने बोट ठेवलं. "अन् हा दोर कायचा? पूर्न गाडीले गुंडाळेल दिसते."

"विमानात बसल्यावर पट्टा बांधतेत तवा तू इचारतं का? शहाण्णववर मानूस उडून जाते बापा! मी सोताले बांधून घेतो."

इंद्रजितने चहाचा कप खाली ठेवला आणि मला नमस्कार केला. बत्तीस वर्षांत त्याच्या एस.टी.ने सत्तरच्या वर कधी तोंड काढलं नव्हतं.

झालं! बातमी माझ्यापेक्षा वेगाने पळाली. मी रस्त्याने पायी निघालो तरी बायका पोरांना ओढून घरात घेऊ लागल्या. कुणी शेळ्या सोडायच्या आधी विचारून जाई, "बापूजी आज बाहेर निंघनार हाय का?" तिकडून ढाणकीचा एक शेतकरी माझा पत्ता विचारत आला. त्याच्या दुचाकीला पन्नासच्या वर जाववत नव्हतं. "भिंगरीत तेल कोनतं टाकता?" त्याने हात जोडून विचारलं. आता एवढ्या लांबून आलेल्या माणसाला निराश कसं करावं? म्हटलं, "करडईचं. घान्याचं." तो आनंदाने गेला. त्याची गाडी अजून सुरू झालेली नाही, असं कानावर आहे. म्हणून मी सध्या ढाणकीच्या बाजूला जात नाही.

मला वाटलं, भिंगरी वाचली. पण श्रीकृष्णाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी भिंगरीच्या चाकातून साखळी घालून तिला अंगणातल्या कडुलिंबाला बांधली. कुलूप लावलं. दोन्ही चाब्या, कुलपाची आणि गाडीची, स्वतःच्या खिशात टाकल्या.

"अरे, आता तं हळू नाई न ते!"

"म्हनून तं बांधली! हळू होती तवा कोनी येऊन तुमाले उडवन याचं भेव होतं. आता तुमी कोनाले उडवान याचं हाय! शहात्तराव्या वर्षी शहाण्णव? लाज नाई वाटत?"

आता पाहा माझी गंमत. भिंगरीने शहाण्णव घेतलीच नाही म्हणावं, तर ती हळू ठरते आणि भंगारात जाते. घेतली म्हणावं, तर मी बेफाम ठरतो आणि ती झाडाला बांधलेली राहते. बैल बरा! त्याला निदान दावणीला चारा तरी मिळतो.

अकरा दिवस मी घरी होतो. संक्रांत गेली, तिळगूळ संपला. इंदूबाई रोज सकाळी तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं माझ्यापुढे आणून ठेवी.

"रिकामे बसून काय करता? सोला."

मी सोलत होतो. अकरा दिवसांत मी एवढ्या शेंगा सोलल्या की स्वप्नात मला कुणीतरी सोलत असे. शेजारी स्पृहा अभ्यास करत बसायची. तेवढाच विरंगुळा.

"आबाजी, तुम्हाला माहीत आहे, माणूस नुसत्या पायांनी जास्तीत जास्त ताशी चव्वेचाळीस-पंचेचाळीसनं पळालाय. आणि चंद्रावरून परत येणारी माणसं ताशी जवळपास चाळीस हजारनं आली."

"अन् काही झालं नाई त्यायले?"

"वेगानं काही होतच नाही! वेग एकदम बदलला तर होतं. कुणी जोरात ब्रेक मारला, कुठं धडक बसली, तर. सारखा राहिला तर शरीराला कळतसुद्धा नाही. आता पृथ्वीच बघा, सूर्याभोवती ताशी लाखाच्या वर किलोमीटरनं पळतेय. आपल्यासकट! तरी तुमच्या कपातला चहा सांडतो का?"

मी शेंग खाली ठेवली. "म्हंजे मी आत्ता, ह्या बाजेवर, ताशी लाखानं चाललो?"

"हो."

"मंग तुह्या बापाले सांग, साखळी पृथ्वीले लाव म्हना!"

"पृथ्वी फिरो नाईतं उभी राहो," आतून इंदूबाईचा आवाज आला, "शेंगा झाल्या का?"

स्पृहा हसली आणि पुढे सांगू लागली. "पण शेवटची एक मर्यादा आहे आबाजी. प्रकाशाच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. जसजसं त्याच्या जवळ जावं, तसतसं पुढे ढकलणं जड जड होत जातं."

"भिंगरीले तं अठ्ठावीसलेच जड होते!" माझ्या तोंडून निसटलं.

"काय?"

"खोकला आला. पुढं सांग."

"आणि जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं."

हे मला पटलं. तुरीच्या शेंगा सोलताना घड्याळ इतकं हळू चालत होतं, की त्या वेळी माझा वेग भयंकर असला पाहिजे.

बाराव्या दिवशी गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कौसल्याबाई घरी आल्या. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. "बापूजी, तुम्ही यायचं. शाल-श्रीफळ आहे. मुलांना तुमचा अनुभव सांगायचा, चूक कबूल करायची आणि सगळ्यांसमोर शपथ घ्यायची की यापुढे वेगमर्यादा पाळीन."

शाल म्हटल्यावर मी होच म्हणालो. श्रीकृष्णही तिथेच होता. त्याने खिशातल्या चाब्या वाजवल्या.

"गावासमोर शपथ घ्या बापूजी, का तीसच्या वर जानार नाई. तिथंच चाबी देतो. भंगाराचंबी नाव काढनार नाई."

सोप्पं होतं हो! तीसच्या वर न जाण्याची शपथ भिंगरीने जन्मतःच घेतलेली होती.

शाळेच्या मैदानात मांडव होता. पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर गाव. पहिल्या रांगेत श्रीकृष्ण खिशावर हात ठेवून बसलेला, शेजारी स्पृहा. बायकांच्या बाजूला इंदूबाई. खुर्च्या शंकरसिंगने आपल्या पिकअपमधून आणल्या होत्या आणि तो मागे गाडीला टेकून उभा होता. मला शाल मिळाली. नारळ मिळाला. पाठीमागे भला मोठा फलक होता, "अतिवेगाचे दुष्परिणाम", आणि त्याच्या बरोबर खाली मी.

मी सुरुवात अगदी बेतात केली. "पोरंहो, माही चूक झाली." इथेच थांबून शपथ घेतली असती तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण पुढच्या रांगेतून एका पोरीने विचारलं, "आबाजी, शहाण्णववर कसं वाटते?" आणि सगळी पोरं गुडघ्यांवर सरकून पुढे आली.

आता तुम्हीच सांगा!

"चाळीसवर टोपी गेली," मी म्हणालो. "साठवर दाताची कवळी हालाले लागली, मी ते खिशात टाकली. ऐंशीवर बाभळीची झाडं एकमेकायले चिकटून भिंतच झाली! अन् शहाण्णववर, पोरंहो, आवाज बंद. माह्या गाडीचा आवाज मांगं राहून गेलता!"

टाळ्या!

"घरी पोचलो, पानी पेलो, बाजेवर बसलो. पाहतो तं काय, सावली नाई! पाच मिन्टानं आली. धापा टाकत!"

आणखी टाळ्या! मागे गावकरीही वाजवू लागले. इंद्रजित तर उभा राहिला. कौसल्याबाई मला शपथेचा कागद दाखवत होत्या, श्रीकृष्ण खिसा दाखवत होता. मला दोन्ही दिसत होतं. पण टाळ्यांवर चढलेल्या माणसाला एकदम थांबता येत नाही. स्पृहाने सांगितलंच होतं, वेग एकदम बदलला तर शरीराला धोका असतो.

"आजीबी होती का तुमच्या संगं?" तीच पोरगी.

"होती न! पन बाईचा जीव तो. ऐंशीवर गेलो तं रडाले लागली. हात जोडले, पाय धरले, म्हने थांबवा! शेवटी फाट्यावर उतरून देल्ली तिले. मांगून आली पायी-पायी, डोये पुसत."

पोरं हसली. बायकांच्या बाजूला मात्र कुणी हसलं नाही. तिथे इंदूबाई उभी राहिली होती.

"मी रडली?"

दोनच शब्द. माइक नव्हता तिच्याकडे. तिला कधी लागलाही नाही.

"इंदू, बस खाली, कार्यक्रम चालू..."

"कवा रडली मी? सांगा न लोकायले! भिंगरी आर्नीतच बंद पडली होती. शंकरसिंगच्या पिकअपमधी उभी करून दोरानं बांधली. मांगचा फाळका लागत नव्हता, तो खाली पाडेल होता. म्हनून पिकअपचा नंबर झाकला अन् भिंगरीचा उघडा राह्यला. अन् हे कुठी होते? पुढं, माह्या अन् शंकरसिंगच्या मधात! डोये मिटून! मारुतीचं नाव घेत!"

मांडवात कुणीतरी फुटलं, आणि मग सगळा मांडव फुटला. इंद्रजितने फोटो खिशातून काढून पुन्हा पाहिला (त्याने एक प्रत करून घेतली होती) आणि ओरडला, "दोर! मी म्हटलंच होतं, दोर!"

श्रीकृष्ण मागे वळला. "काहून रे शंकरसिंग, शहाण्णवनं हाकलतं गाडी?"

शंकरसिंग इंदूबाईला 'याडी' म्हणतो, त्याच्या बोलीत आई. त्याने कान पकडले. "भाऊ, मी तं साठनं चाललो होतो. याडीनंच..."

"हो, मीच!" इंदूबाई म्हणाली. "आंगनात चार ताटं मूगवड्या वाळत होत्या, अन् शेजारच्या कोकिळाबाईचा फोन आला का वान्नेरायची टोळी पान्याच्या टाकीपाशी आली म्हून! साठनं कशी येऊ? म्हटलं, शंकरसिंग, दाब! तो दाबे अन् हे अजून जोरानं मारुतीले बोलावत! रडलंच असन कोनी तं हे पाहा, शाल पांघरून उभे हायेत!"

मी शाल जरा खाली घेतली.

"पन आई," श्रीकृष्णाने विचारलं, "तुले सगळं मालूम होतं तं इतके दिवस बोलली काहून नाई?"

"कायले बोलू? पन्नास वर्षात पयल्यांदा हा मानूस घरी बसून शेंगा सोलून राह्यला होता! यंदा तुरीचे सोले फुकट सोलून झाले माहे!"

(पतिव्रतेबद्दलचं ते वाक्य मी मागे घेतो.)

श्रीकृष्ण डोळे पुसत उठला. हसून हसून पाणी आलं होतं. खिशातून चाब्या काढल्या आणि माझ्यासमोर आला. "बापूजी, भंगार रद्द. आईसंगं पिकअपमधी बसन्यापेक्षा तुमाले भिंगरीच बरी! अठ्ठावीसच्या वर धोका नाई." मी हात पुढे केला. तो माझ्या हातावरून पुढे गेला आणि चाब्या त्याने आईच्या हातात दिल्या. "पन चाबी मांगायची तं हिलेच मांगायची."

इंदूबाईने चाब्या कमरेला खोचल्या.

कौसल्याबाई शपथेचा कागद घेऊन मध्येच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि बाईंना काय वाटलं कोण जाणे, कागद घेऊन त्या सरळ बायकांच्या बाजूला गेल्या.

"मावशी, मग ही शपथ तुम्हीच घ्यायला हवी. म्हणा, मी वेगमर्यादा पाळीन."

"घेईन न," इंदूबाई खाली बसत म्हणाली. "पयले वान्नेरायले द्या."